बाळंतिणीची मोरी

"गावली गो, गावली!" असं ओरडतच आये मागच्या दाराने आत आल्या. लुगडं गुडघ्यापर्यंत भिजलेलं, हातापायांना वाळू, आणि लग्न झाल्यापासून माझ्या या सासूबाईंच्या तोंडावर मी कधी बघितला नव्हता असा आनंद. "मोरी गावली! माणसायेवढी लांब! आता दूध कसा येणा नाय ताच बघतंय."

मी बाजेवर होते. बाजेखाली शेगडीत ओवा आणि लसणीची सालं धुमसत होती. कानात कापूस, डोक्याला घट्ट फडकं, आणि छातीशी माझी लेक. ती ओढायची, थांबायची आणि मग कुणीतरी फसवल्यासारखी किंचाळायची. मला पुरेसं दूध येत नव्हतं. ही गोष्ट तोवर वाडीतल्या कुत्र्यामांजरांनाही कळून चुकली होती.

अळिवाची खीर झाली, डिंकाचे लाडू झाले, शेपूची भाजी झाली. माझं अंग तेवढं भरत चाललं होतं, पोरीचं मात्र उतरत होतं. डॉक्टरांनी पावडरीचा डबा दिला होता. ते दूध ती अर्धं प्यायची आणि सगळं ओकायची. नवरा रत्नागिरीच्या बाजूला ट्रॉलरवर. घरी येणारी प्रत्येक बाई आधी पोरीच्या गालांकडे बघायची, मग माझ्याकडे, आणि उसासा टाकायची. त्या उसाशांनी माझं डोकं असं फिरायचं की वाटे, उठावं आणि तोंड फिरेल तिकडे चालत सुटावं. मी मुळात पायाला भिंगरी लावलेली बाई. माहेरी देवगडला माझी आई म्हणायची, हिला जेवायला बसवायचं तर पाटाला बांधावं लागेल. आणि इथे मला त्या धुरकट खोलीच्या उंबऱ्याबाहेर पाय टाकायची बंदी होती.

मोरी म्हणजे तुमच्या पुस्तकातला शार्क. मोरीच्या रश्शाने बाळंतिणीला दूध येतं हे आमच्या मच्छीमार गाबितांच्या वस्तीत कुणाला सांगावं लागत नाही. त्यातही सगळ्यात गुणाची म्हणजे पट्ट्यांची मुशी, हातभर लांबीची लहान जातीची मोरी, अंगावर काळेपांढरे पट्टे. पण ती मुशी कित्येक वर्षांत कुणाला दिसली नव्हती. मग लोक ठिपक्यांच्या मोठ्या मोरीवर भागवायचे. आमच्या वाडीत त्याची एक रीतही होती. रापण, म्हणजे किनाऱ्यावर उभं राहून सगळ्या वाडीने मिळून ओढायचं ते लांबलचक जाळं, त्यात मोरी आली आणि एखाद्या घरी दूध नसलेली बाळंतीण असली, तर ती मोरी वाट्यात धरत नसत. ती थेट त्या घरी जायची. पुढे तिचं काय करायचं ते त्या घराने बघायचं, दुसऱ्याने त्यात तोंड घालायचं नाही.

"मगे कापा आताच," मी म्हटलं. मला काय, एकदाचं संपलं तर हवं होतं.

आयेंनी कानाला हात लावले. "आज सोमवार मगे! खुळावलंस काय?"

सोमवारी आमच्या घरात मासळीला सुरी लागत नसे. आणि मारून ठेवावी म्हटलं तर मोरी तशी ठेवता येत नाही. मेली की थोड्याच वेळात तिला असा उग्र वास सुटतो की मांजरही तोंड फिरवतं. म्हणून रापणीवरच्या गड्यांनी ती जिवंतच जाळ्यात घालून आणली आणि आमच्या मागीलदारच्या खडपात, म्हणजे किनाऱ्याच्या खडकांत, ओहोटीलाही पाणी राहतं अशा एका कोंडीत सोडली. शेपटीला दोरी बांधली आणि दोरीचं टोक खडकातल्या लोखंडी कडीला. मंगळवारी सकाळी कापायची ठरलं.

संध्याकाळच्या एस्टीने माझी नणंद चारू आली. चारू रत्नागिरीला मासळीचं शिक्षण घेत होती. वाडीत सगळे तिला हसायचे, की मासे ओळखायला गाबताच्या पोरीला कॉलेज लागलं. पोरीला बघायला म्हणून आलेली ती, पण मोरीचं कळताच पाय न धुताच कोंडीवर गेली. परत आली ती एक बादली घेऊन. बादली माझ्या बाजेशी ठेवली आणि म्हणाली, "वयनी, हात घाल."

पाण्यात काहीतरी चामड्यासारखं लागलं. बाहेर काढलं तर करड्या रंगाची, वीतभर लांब, जाडसर पिशवी. बाजूंना केसांचे झुपके.

"काय गो ह्या?"

"अंडा तिचा. आज कोंडीतच घातल्यान, दोरयेक चिकाटला होता. आत अजून आसत, पोट चापसून बघलंय मी." चारू बाजेशी उकिडवी बसली. "वयनी, ही मादी आसा. अशी गावणाच नाय आता. दिवसभर ही तळावर गपचूप पडान रवता. आणि दादाच्या ट्रॉलराचा जाळा जाता ता तळ खरवडीत जाता. ही पळतली खंय?"

मी ती पिशवी उलटसुलट करून बघत होते. ओली, गार, आणि उजेडासमोर धरली की आत काहीतरी पिवळट.

"ह्येच्यातसून पिल्लू कधी येता?"

"पाच-सा म्हयने लागतत."

"आणि तोपर्यंत आवस थंय बसता?"

"छ्या! आवस अंडा शेवाळीक नायतर खडपाक चिकटवता आणि जाता आपल्या वाटेन."

"परत बघूक येणा नाय?"

"नाय."

"दूध?"

"मासो तो वयनी, दूध खंयचा?"

"बरा आसा तिचा," मी म्हटलं.

चारू हसली. मी हसले नाही. आई होऊनही मोकळ्या राहणाऱ्या त्या मोरीचा मला खरोखरच हेवा वाटला होता. पोरगी तेव्हा पाळण्यात किंचाळत होती आणि मला तिला उचलायचीही भीती वाटत होती. उचललं की ती तोंड शोधणार, आणि पुन्हा तेच.

जेवणं झाल्यावर माजघरात माय-लेकींचं जुंपलं. मला आतून सगळं ऐकू येत होतं, कापूस असूनही.

"शिकान शानी झालंस!" आये म्हणाल्या. "ह्या बघ चारू, त्या दोरयेक हात लावलंस तर माज्या घरात परत पाय ठेवचा नाय. माज्या नातीच्या तोंडातला दूध समुद्रात सोडतलंस?"

"मोरयेन दूध येता ह्या कोणी सांगल्यान?"

"माका इचार! तू झालंस तेवा माज्याकडे थेंब नव्हतो. तुज्या बापाशीन पट्ट्यांची मुशी हाडल्यान. तिच्या रशावर तू वाढलंस. आज तोंड वर करून बोलतंस ता तेच्यामुळे."

चारू म्हणाली, "आये, ती पट्ट्यांची मुशी आता खंय गेली?"

"माका काय म्हायत? समुद्राची मर्जी."

"ती हिचाच पिल्लू. लहानपणी अंगार पट्टे, मोठी झाली काय ठिपके. दोन नाय ती, एकच मोरी."

आये अशा हसल्या की भांडी वाजली. "पट्टे खंय आणि ठिपके खंय! ह्या शिकवूक तुज्या कॉलेजात फी घेतत?"

खरं सांगायचं तर मीही आत हसले. आमच्याकडे पिढ्यान्‌पिढ्या त्या दोन वेगळ्या जातीच मानत. एक गुणाची, एक कामचलाऊ.

शेवटी चारू माझ्याकडे आली. "वयनी, तू सांग. खातली तू. तूच ठरव."

"माका एक सांग," मी म्हटलं. "मोरी खाल्लंय तर दूध येयत?"

मला वाटलं ती लगेच नाही म्हणेल. तिला मोरी सोडायची होती, खोटं बोलली असती तरी मला कळलं नसतं. पण ती खाली बघत म्हणाली, "येणाच नाय असा मी छातीठोक सांगूक शकणा नाय."

असली ही माझी नणंद. त्या रात्री मला झोप लागली नाही. मोरी सोडली आणि दूध आलंच नाही तर सगळी वाडी माझ्या नावाने खडे फोडणार होती, आणि पोरीला काही झालं तर मीच मला जगू दिलं नसतं. मोरी खाल्ली तर... तर काय? काहीच नाही, एक मासा खाल्ला. गोष्ट इतकी सरळ होती. तरीही मी सारखी कूस बदलत होते.

सकाळी ओहोटी होती. मी कानातला कापूस काढला, पोरगी चारूच्या हातात दिली आणि मागच्या दाराने बाहेर पडले. कोंडीवर आये दगडावर कोयता घासत बसल्या होत्या. मला बघून त्या ताडकन उठल्या.

"बाळंतीण तू! वारो बाधात! आत जा!"

"बघूक इलंय."

"त्यात काय बघूचा?"

मी खडपावर बसले. मोरी तळाशी पडून होती. फिकट पिवळसर अंगावर काळपट ठिपके, पाठीवरून गेलेल्या उभ्या धारा, ओठांशी दोन छोट्या मिशा, आणि शेपूट उरलेल्या अंगाएवढी लांब. तोंड उघडायची, मिटायची, उघडायची. चारूने सांगितलं होतं की बऱ्याच मोऱ्यांना श्वासासाठी सारखं पोहत राहावं लागतं, हिला मात्र जागच्या जागी पडून श्वास घेता येतो. म्हणून तर ती कोंडीत जगली. दोरीने शेपटीच्या मुळाशी कातडी सोलवटली होती. मला तिच्या जिवाचं काय वाटलं ते नीट सांगता येत नाही, पण त्या दोरीचा मात्र भयंकर राग आला.

चारू पोरीला घेऊन मागोमाग आली होती. आये तिच्याकडे न बघता पाण्यात बघत होत्या. मग त्या म्हणाल्या, "चारू, पट्ट्यांची ठिपक्यांची होताना मधी कशी दिसता गो?"

"पट्टे तुटतत. तुकडे तुकडे होतत. मगे तेंचे ठिपके होतत."

आयेंच्या हातातला कोयता खाली आला.

"मी बघलंय ती," त्या म्हणाल्या. "पट्टे फुटलेली. रापणीत यायची. आमी म्हणू, हिका रोग इलोहा. खायत नसू. म्हातारे म्हणायचे, परत टाका. म्हंजे रोगी म्हणान टाकलव ती वाचली. आणि बाकीच्यो... आवशीक खाल्लव आणि तिच्या पोरांची वाट बघीत बसलव."

पोरगी रडायला लागली. भुकेचं रडणं, ते आम्हा तिघींनाही ओळखू येत होतं. आयेंनी एकदा तिच्याकडे बघितलं, एकदा मोरीकडे, आणि मग माझा हात धरून त्यात कोयता ठेवला.

"घे. मान काप नायतर दोरी काप. मी आता हात लावणा नाय."

लग्न झाल्यापासून त्या घरात मला कुणी काही ठरवायला सांगितलं नव्हतं, आणि पहिल्यांदा सांगितलं ते हे. मी दोरी कापली.

मोरी हललीच नाही. मोकळी झाली तरी तिथेच पडून. मी गुडघाभर पाण्यात उतरले आणि "जा गो बाय, जा!" म्हणून तिच्या पाठीवर हात ठेवला. वाळूचा कागद असावा तशी खरखरीत पाठ. भरतीचं पाणी खडपावरून आत यायला लागलं तेव्हा कुठे तिने ती लांब शेपूट एकदा वळवली आणि संथपणे, घाई कसली नसल्यासारखी, खडपाच्या फटीतून निघून गेली. चारूने बादलीतलं अंडं बाहेरच्या खोल पाण्यात शेवाळात नेऊन ठेवलं.

परत येताना आयेंनी मला दारातच थांबवलं. "आता ह्या आपल्या तिगांत. वाडयेत कोणी इचारल्यान तर मोरी तू खाल्लंस. कळला? नायतर उद्या पोरीक काय झाला तर लोक तुका जिती ठेवचे नाय."

मी मान डोलावली. त्यांनी माझ्यासाठी खोटं बोलायचं ठरवलं होतं, आणि ही साधी गोष्ट नव्हती. रापणीचे वाटे घालायचे तर आयेंनीच घालायचे, असा वाडीचा त्यांच्यावर विश्वास. त्यांनी हा तुझा, हा त्याचा म्हटलं की पुढे कुणी ब्र काढत नसे.

त्या दिवसापासून एक झालं. आयेंनी बाजेखालची शेगडी उचलली, खिडकी उघडली, आणि मी मागच्या पायरीवर जाऊन बसले तरी ओरडेनाशा झाल्या. पोरगी रडली की त्याच तिला घेऊन फेऱ्या मारायच्या आणि मला म्हणायच्या, "निज तू." मी मेल्यासारखी झोपायचे. काही दिवसांनी एका दुपारी जाग आली तर माझी चोळी भिजलेली होती. कशाने ते मला आजही माहीत नाही. झोपेने, हवेने, की त्याची वेळच आली होती म्हणून. फार नव्हतं, पण पोरगी पिऊन झाल्यावर पहिल्यांदा किंचाळली नाही. मी भिंतीला टेकून रडले, आणि आये दारात उभ्या राहून मला रागावल्या की रडतंस कित्याक.

आता वाडीला काय दिसलं? आयेंनी मोरी सुनेला घातली आणि सुनेला दूध आलं. आयेंना एकदा गोष्ट सांगायला बसवलं की आवरत नसे. खोबरं किती भाजलं, तिरफळं कधी टाकली, पहिली वाटी मी नाक मुरडत कशी प्याले, हे त्या इतकं रंगवून सांगायच्या की ऐकता ऐकता माझ्याही तोंडाला पाणी सुटायचं. चारू रत्नागिरीला परत गेली होती, नाहीतर तिने कपाळाला हात लावला असता. जो तो म्हणू लागला, पट्ट्यांची नसली तरी ठिपक्यांची पण गुणाची हां. ट्रॉलरवर जाणाऱ्यांना बायका सांगून ठेवू लागल्या, ठिपक्यांची गावली तर सोडू नको, अमकीची पोर बाळंत होणार आहे.

तेव्हापासून मला एका जागी बसवेना. पोरीला घेऊन मी घरभर फिरायचे, अंगणात फिरायचे, विहिरीपर्यंत जाऊन परत यायचे. आये म्हणायच्या, "चेडवाक घेरी येतली, बस मगे." मी एकदा विषय काढला. त्या म्हणाल्या, "गप रव. दूध इला ना? मगे झाला."

मग एका सकाळी किनाऱ्यावरून आरडाओरडा ऐकू आला. "मोरी! मोरी!"

मी पोरीला छातीशी धरलं आणि धावले. रापणीचं जाळं वाळूवर ओढलं होतं, त्यात बांगडे तडफडत होते आणि मधोमध ती. ठिपक्यांची. तीच की दुसरी, देव जाणे. ही जात चिवट, पाण्याबाहेरही बराच वेळ तग धरते; तिचे कल्ले उघडझाप करत होते. वाडीतली दुरपतकाकी कोयता घेऊन पुढे आली होती. तिची लेक प्रणिता माहेरी बाळंत झाली होती आणि तिला दूध उतरत नव्हतं. त्यामुळे मोरी रीतीप्रमाणे दुरपतकाकीच्या घरची. आणि त्या दिवशी सोमवारही नव्हता.

"सुगंधा!" काकी मला बघून म्हणाली. तिचे डोळे भरून आले होते. "तुका जसा दूध इला तसा माज्या प्रणितेक येवदे गो. तुजो हात लाव मोरयेक."

सगळी वाडी माझ्याकडे कौतुकाने बघत होती. गर्दीपलीकडे, बांगड्यांच्या टोपल्यांपाशी आये उभ्या होत्या. मी काय बोलणार ते त्यांनी ओळखलं होतं. त्यांनी मान हलवली, अगदी थोडी. नको.

मी बोलले असते तर भर किनाऱ्यावर आये खोट्या ठरणार होत्या, तेही माझ्यासाठी बोललेल्या खोट्यापायी. न बोलले तर ही मोरी, आणि हिच्यानंतरची, आणि तिच्यानंतरची, सगळ्या माझ्या नावावर मरणार होत्या.

"काकी, मी मोरी खाल्लेली नाय," मी म्हटलं.

"म्हंजे?"

"आमी ती सोडलव. मी दोरी कापलंय माज्या हातान. दूध मोरयेन इला नाय."

जाळं ओढणारे गडी थांबले. सगळ्यांच्या माना आयेंकडे वळल्या. त्या ताठ उभ्या होत्या, पण तोंड पांढरं पडलं होतं.

"काय गे जानक्ये?" रापणीचा म्होरक्या, म्हातारा तांडेल म्हणाला. "सून काय सांगता ही?"

"खरा सांगता ती," आये म्हणाल्या. "खोटा मी बोललंय."

"मगे आमचे वाटे पण असेच घालतंस काय?" मागून कुणीतरी म्हणालं. दोघंतिघं हसले.

ते हसू माझ्या अंगावर उकळतं पाणी पडावं तसं पडलं, पण परत घ्यायला आता काही उरलं नव्हतं. मी पुढे सांगायला लागले, की ही मादी असेल, हिची अंडी, ते पट्टे आणि ते ठिपके एकाच मोरीचे. दुरपतकाकीने मला हातानेच थांबवलं.

"तुमका सोडूक परवडला," ती म्हणाली. आवाज चढलेला नव्हता. "तुजा चेडू जगला. माजो नातू साखरेच्या पाण्यार आसा. डब्याचा दूध तेका पचणा नाय. माका कोणाचा खरा नको आणि खोटा नको. माका दूध व्हया."

आणि ती कोयता घेऊन वाकली.

तिचं काय चुकलं होतं? काही नाही. काही दिवसांपूर्वी मी तिच्याच जागी होते. मोरी तिच्या घरची, तिला अडवायचा अधिकार माझाच काय, तांडेलाचाही नव्हता. चारू असती तर तिलाही यावर बोलता आलं नसतं.

"दूध व्हया ना?" माझ्या तोंडून निघून गेलं. "मी दितंय."

कोयता तसाच राहिला. "काय?"

"आण तुज्या नातवाक माज्याकडे. मी पाजतंय."

"तुज्या चेडवाक तरी पुरता काय?"

"अर्धा तिका, अर्धा तेका."

"किती दिस?"

"प्रणितेक येयसर."

"आणि तिका इलाच नाय तर?"

"तर तो जेवूक लागायसर."

काकी मोरीवर वाकलेलीच होती. तिने मान वर करून माझ्या तोंडाकडे बघितलं, मग माझ्या खांद्यावरच्या पोरीकडे. पोरगी अंगठा चोखत होती. मी काय बोलून बसले ते मला तेव्हाच कळत होतं. माझं दूध आत्ता कुठे लागायला लागलं होतं, त्यातलं अर्धं मी पोरीसमोर तिच्याच घासातून काढून देत होते. पण शब्द मागे घ्यायला तोंड उघडेना.

काकीने कोयता वाळूत टाकला. "घेवन येतंय तेका," ती म्हणाली आणि गड्यांकडे वळली. "बघतास काय? सोडा तिका. पाण्यात नेवन सोडा."

गड्यांनी कुरकुरत मोरी उचलली. ती गेली की राहिली ते बघायला मी थांबले नाही. आये निघाल्या होत्या, बांगड्यांचे वाटे न घालताच. मी त्यांच्या मागून चालत होते. वाटभर त्यांनी एकदाही मागे वळून बघितलं नाही. मी दोनदा हाक मारली. त्यांची पाठ तेवढी पुढे पुढे जात राहिली. वाडीतलं त्यांचं एवढ्या वर्षांचं नाव मी एका वाक्यात धुळीला मिळवलं होतं, आणि ते त्यांनी माझ्यासाठीच पणाला लावलेलं होतं. मला पोरगी जड वाटायला लागली.

काकी नातवाला घेऊन लगेचच आली. काळंसावळं, सुरकुतलेलं पोर, हातपाय काड्या. मी भिंतीला टेकून बसले आणि एका बाजूला ते, एका बाजूला माझी पोरगी. त्याने असं काही ओढलं की माझ्या डोळ्यांत पाणी आलं. थोड्या वेळाने दूध आटलं आणि दोघंही अर्धपोटी एकदमच रडायला लागली. काकी त्याला घेऊन तोंड लपवत गेली. जाताना म्हणाली, "संध्याकाळी हाडू?" मी हो म्हटलं.

आता मागे वळून बघताना मला वाटतं, त्या दिवशी मला जर कुणी म्हटलं असतं की चल, तुझी तू माहेरी जा, तर मी गेले असते. दोन पोरं, एकीपुरतंही दूध नाही, नवरा लांब, आणि घरात एक बाई जी माझ्याशी बोलत नाही. स्वयंपाकघरात भांड्यांचा आवाज येत होता, नेहमीपेक्षा मोठा. मी ऐकत बसले.

मग आये आल्या. हातात ताट. भात, बांगड्याचं तिकलं, नारळाचा तुकडा. ते त्यांनी माझ्यासमोर ठेवलं. परत आत गेल्या आणि दुसरं ताट आणलं. तेवढंच भरलेलं. तेही माझ्यासमोर ठेवलं.

"ह्या कोणाचा?" मी विचारलं.

"दुसऱ्या पोराच्या आवशीचा," आये म्हणाल्या. "जेव."

मी दोन्ही ताटं जेवले.